पुढच्या चाकांवरचा भार

पुढच्या चाकांना गती मिळणारी मोटार ओझे ओढण्याच्या कामी कुचकामी, असा एक समज मोटारींविषयी आस्था बाळगणाऱ्या मंडळींत फार दृढ झालेला आहे. आणि तो अगदीच निराधार नसला, तरी त्यात सत्याचा अंश किती आणि ऐकीव भाग किती याची शहानिशा करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. मागे ट्रेलर जोडला की त्याचा दाब मोटारीच्या शेपटीवर पडणार, शेपूट दबली की नाक वर उचलले जाणार, आणि नाक उचलले गेले की ज्या चाकांनी ओढावयाचे त्याच चाकांची जमिनीवरील पकड सुटणार, ही विचारसरणी इतकी सरळ आहे की ऐकणाऱ्याला ती तत्काळ पटते. परंतु युरोपातील असंख्य कुटुंबे गेली कित्येक दशके दर उन्हाळ्यात अशाच मोटारींच्या मागे आपली कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड, जोडून आल्प्सचे घाट ओलांडीत आली आहेत. तेव्हा शेपटीवर दाब किती पडतो, नाक किती हलके होते आणि पकड किती सुटते, याचा आकड्यांनिशी हिशेब मांडल्यावाचून या बाबतीत निवाडा देणे न्यायाचे होणार नाही.

यंत्रशक्तीने चालणाऱ्या रस्त्यावरील वाहनांचा इतिहास ज्या गाड्यापासून सुरू झाला असे मानण्याचा प्रघात आहे, तो गाडा पुढच्या चाकानेच चालत असे आणि तो बांधला होता तोही अवजड ओझ्यासाठीच, ही गोष्ट येथे आवर्जून सांगण्यासारखी आहे. फ्रेंच लष्करातील इंजिनिअर निकोला-जोझेफ क्यूनो याने १७६९ साली लहान प्रमाणावर आणि १७७० साली पूर्ण आकारात, तोफा वाहून नेण्याच्या हेतूने, तीन चाकांचा वाफेचा गाडा तयार केला. पॅरिसच्या कला व हुन्नर यांच्या संग्रहालयात तो आजही जतन करून ठेवलेला आहे. पुढच्या एकुलत्या एका चाकाच्याही पुढे टांगलेला अवाढव्य बाष्पपात्राचा हंडा, त्याच चाकाला रेटणारे दोन दट्टे, आणि मागे तोफेसाठी मोकळी सोडलेली जाड लाकडी चौकट, अशी त्याची रचना आहे. वेग ताशी सुमारे ४ किलोमीटर, आणि थोडा वेळ चालले की वाफ साठेपर्यंत थांबावयाचे. भाराची विषम विभागणी हा त्या गाड्याचा मोठा दोष ठरला. पुढे यंत्राचा भार, मागे ओझ्याचा भार आणि दोहोंमध्ये ओढणारे चाक, हा जो प्रश्न क्यूनोपुढे उभा राहिला, तो आज कॅरॅव्हॅन जोडणाऱ्या गृहस्थापुढेही तसाच उभा राहतो.

मध्यंतरीच्या दीडशे वर्षांत पुढच्या चाकांची कल्पना मागे पडली याचे कारण ओझे हे नव्हते. ज्या चाकांना वळवावयाचे त्यांनाच फिरवावयाचेही, ही दुहेरी मागणी साध्या सांध्याला झेपत नसे आणि वळणावर मोटार हिसके देई. वळतानाही एकसारख्या गतीने फिरणारा सांधा वापरून झां-आल्बेर ग्रेग्वार याने १९२६ साली 'त्राक्ता' ही मोटार रस्त्यावर आणली. १९३४ साली सित्रोएन कंपनीने आपली 'त्राक्सियाँ आव्हाँ' मोठ्या प्रमाणावर बनविण्यास घेतली. आणि १९५९ साली अ‍ॅलेक इसिगॉनिस याने 'मिनी' मोटारीत इंजिन आडवे बसवून थोड्या जागेत चार माणसे कशी मावतात हे दाखवून दिले. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या मागच्या चाकांनी चालणाऱ्या मोटारींवर दोन पिढ्या पोसल्या गेल्यानंतर डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आणि तेव्हापासून लहान मोटार म्हटली की इंजिन, गिअरपेटी आणि गती घेणारी चाके ही सर्व पुढच्या बाजूस एकवटलेली, असा शिरस्ताच पडला. या रचनेत मोटारीच्या वजनाचा मोठा वाटा, साधारणतः शेकडा ६० च्या आसपास, मुळातच पुढच्या चाकांवर येतो. पुढचा सर्व हिशेब या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

आता तो हिशेब मांडू. सोयीसाठी आकडे गोल घेतले आहेत. चालकासह १,२०० किलो वजनाची मोटार घ्या. तिच्या पुढच्या चाकांवर ७२० किलो आणि मागच्या चाकांवर ४८० किलो भार आहे. पुढची आस आणि मागची आस यांत अडीच मीटर अंतर आहे, आणि ट्रेलर ज्यावर टेकतो तो लोखंडी गोळा मागच्या आसेच्या मागे एक मीटरवर आहे. ट्रेलर १,००० किलोचा असून त्यापैकी ८० किलो भार तो या गोळ्यावर टाकतो. मागची आस हा टेकू समजला, तर तरफेच्या साध्या नियमाने पुढच्या चाकांवरचा ३२ किलो भार उचलला जातो आणि मागच्या चाकांवर ११२ किलो वाढतो. ज्या दाबाचा एवढा बाऊ केला जातो, त्याचा पुढच्या चाकांना बसणारा फटका एवढाच.

यापुढे चढ लागतो. आठास एक चढ घ्या, म्हणजे आठ मीटर गेल्यावर एक मीटर उंची चढावयाची. चढावर भार मागे सरतो. मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच धरला तर त्यापायी पुढची चाके आणखी ३० किलोंनी हलकी होतात, आणि ट्रेलर गोळ्याला मागे खेचतो त्यामुळे आणखी सुमारे २० किलोंनी. सर्व वजावट केल्यावर पुढच्या चाकांवर ६३८ किलो शिल्लक राहतात. मोटार आणि ट्रेलर मिळून २,२०० किलोंचा हा लवाजमा चढावर नेण्यास २७५ किलोंचे ओढबळ लागते, आणि चाकांच्या लोळण्याला होणारा विरोध धरून ते ३०५ च्या घरात जाते. कोरड्या डांबरावर रबराची पकड भाराच्या शेकडा ८० इतकी सहज मिळते, म्हणजे ५१० किलो. तेथे काळजीचे कारण नाही. पावसाने भिजलेल्या रस्त्यावर ती शेकडा ५० वर उतरली तर हाती ३२० उरतात. काम होते, परंतु जेमतेम, आणि चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दडपला की चाके जागच्या जागी फिरू लागतात. ओल्या गवतावर किंवा चिखलावर पकड शेकडा ३० झाली की १९० किलोंच्या बळावर हा चढ चढणे अशक्य होय.

येथवर वाचून कोणी म्हणेल की समज खराच ठरला. परंतु हाच हिशेब मागच्या चाकांच्या मोटारीला लावून पाहावा. तिचा भार पुढे-मागे समसमान, म्हणजे ६०० आणि ६०० धरला, तर वर मोजलेले सर्व दाब तिच्या मागच्या चाकांच्या पथ्यावर पडतात आणि त्यांवर ७६२ किलो भार येतो. भिजलेल्या रस्त्यावर तिला ३८१ किलोंचे बळ मिळते, हे निःसंशय अधिक सुखाचे. पण ओल्या गवतावर तिलाही २२९ च मिळतात आणि तीही जागीच रुतते. दोन्ही मोटारींतील फरक १२४ किलोंचा, म्हणजे दोन मध्यम बांध्याच्या माणसांच्या वजनाएवढा. ट्रेलर सोडून सपाट रस्त्यावर आणल्या तर पुढच्या चाकांची मोटार त्याच मापाने वरचढ ठरते. एवढ्याशा अंतरावरून एकीला समर्थ आणि दुसरीला नालायक ठरविणे मला तरी पटत नाही.

खरी अडचण निराळीच आहे आणि ती अधिक गंभीर आहे. गोळ्यावरचा दाब पुढच्या चाकांना त्रासदायक, मग तो कमीच का करू नये, असा विचार कोणाच्याही मनात सहज येतो. ट्रेलरमधले सामान थोडे मागे सरकविले की काम झाले. बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला असा सल्ला दिला तर तो हसेल, कारण मागे भरलेली गाडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि गाडी ताब्यात राहत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. ट्रेलर उलार झाला तर त्याचे परिणाम ताशी ८० किलोमीटर वेगाला साजेसे भयंकर होतात. एखादा मोठा ट्रक शेजारून वेगाने निघून गेला, किंवा वाऱ्याचा झोत आडवा आला, की ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. प्रत्येक झोका मोटारीची शेपूट विरुद्ध दिशेला ढकलतो, त्या धक्क्याने पुढचा झोका वाढतो, आणि एका विशिष्ट वेगाच्या वर हे झोके आपोआप शमण्याऐवजी वाढतच जाऊन अखेर ट्रेलर मोटारीला घेऊन उलटतो. गोळ्यावर पुरेसा दाब असणे हाच याला पहिला अटकाव. म्हणजे पकडीसाठी दाब कमी हवा आणि स्थैर्यासाठी तो अधिक हवा. या दोन परस्परविरुद्ध मागण्यांच्या कात्रीत सापडल्यावर स्थैर्याची मागणी निमूटपणे मान्य केली पाहिजे, कारण पकड सुटली तर गाडी चढावर थांबते, आणि स्थैर्य सुटले तर माणसे मरतात.

या कात्रीतून युरोप आणि अमेरिका यांनी काढलेले मार्ग भिन्न आहेत. युरोपात गोळ्यावरचा दाब ट्रेलरच्या वजनाच्या साधारण शेकडा ४ ते ७ ठेवण्याची वहिवाट आहे आणि त्याची भरपाई वेगावर बंधन घालून केली जाते; जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटारीला एरवी ताशी ८० किलोमीटरचीच मुभा आहे. अमेरिकेत वेग अधिक आणि ट्रेलर लांबलचक, म्हणून तेथे हा दाब शेकडा १० ते १५ ठेवण्यास सांगतात. वरच्याच उदाहरणात ८० किलोंच्या जागी १५० किलो ठेवून पाहिले की पुढच्या चाकांवरून ३२ ऐवजी ६० किलो उचलले जातात, आणि पुढच्या चाकांची मोटार ओझ्याला नालायक हा समज अमेरिकेत इतका का फोफावला याचा उलगडा होतो. तरीही तेथील होंडा ओडिसी, २०२० पर्यंतची टोयोटा सिएना अशा पुढच्या चाकांनी चालणाऱ्या कौटुंबिक व्हॅनना त्यांच्या कारखानदारांनीच ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलोंपर्यंत ओढण्याची परवानगी दिलेली आहे.

अमेरिकेत या अडचणीवर एक सुंदर यांत्रिक तोडही निघाली. जोडणीच्या गोळ्याखालून मागे, ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना समांतर अशा, दोन पोलादी स्प्रिंगदांड्या नेतात आणि त्यांची मागची टोके साखळ्यांनी वर ताणून ट्रेलरच्या चौकटीला अडकवितात. दांडी वाकली की ती सरळ होऊ पाहते, आणि तसे करताना मोटारीची शेपूट वर व नाक खाली दाबते. गोळ्यावर पडलेला भार अशा रीतीने मोटारीच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर वाटला जातो. या युक्तीचे सामर्थ्य पटविण्यासाठी १९६० च्या दशकात एक विलक्षण प्रात्यक्षिक करण्यात आले. १९६६ चे मॉडेल म्हणून बाजारात आलेल्या, पुढच्या चाकांनी चालणाऱ्या ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या सात लिटरच्या दांडग्या मोटारीला ट्रेलर जोडला, स्प्रिंगदांड्या ताणल्या, मोटारीची मागची दोन्ही चाके काढून टाकली, आणि अधांतरी राहिलेल्या शेपटीसह ती रस्त्यावर चालवून दाखविली. कोणी प्रत्यक्षात असे करावे असे नव्हे; परंतु मागे पडलेला भार पुढे आणता येतो, याहून सज्जड पुरावा कोणता हवा? टोरोनॅडोचाच पुढचा भाग घेऊन जनरल मोटर्सने १९७३ पासून १९७८ पर्यंत एक प्रशस्त फिरते घर बनविले, तेही पुढच्याच चाकांनी चालणारे.

दांड्या किती ताणाव्यात हे समजण्यास उपकरण लागते ते फक्त मोजपट्टी. ट्रेलर जोडण्यापूर्वी पुढच्या चाकावरच्या मडगार्डाची कड जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून ठेवावे, जोडल्यावर पुन्हा मोजावे. कड वर गेली असेल तर भार मागे पडला आहे. ज्यांच्याकडे दांड्या नाहीत त्यांनीही हे माप अवश्य घ्यावे, कारण नाक वर गेले की हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो, सुकाणू हाताला पोकळ लागते, आणि पुढच्या ब्रेकांचा उपयोग घटतो. अशा वेळी ट्रेलरमधली जड वस्तू त्याच्या आसेवर, तळाशी आणणे, मोटारीच्या डिकीतले सामान काढून मागच्या आसनासमोर ठेवणे, हे उपाय फुकटचे आहेत.

पकडीच्या चर्चेत माणसे इतकी गुंतून जातात की क्लच, गिअरपेटी आणि ब्रेक यांचा विसर पडतो, आणि मर्यादा तर बहुधा तेथेच येऊन ठेपते. युरोपीय नियमानुसार एखादी मोटार किती वजन ओढू शकते हे ठरविताना, तेवढा ट्रेलर जोडून ती शेकडा १२ च्या चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबवून पुन्हा चालू करून दाखवावी लागते. म्हणजे आपण हिशेबासाठी घेतला होता जवळजवळ तोच चढ. पाचव्या खेपेस क्लचच्या तबकड्यांतून जळका वास येईल, पण मोटार हलली पाहिजे. स्वयंचलित गिअरपेटीत हीच उष्णता तेलात साठते, म्हणून तेल थंड करणारा जादा रेडिएटर बसविण्याची अट कित्येक कारखानदार घालतात, आणि ती अट धाब्यावर बसविणाऱ्याची गिअरपेटी अकाली निकामी झाली तर दोष पुढच्या चाकांकडे जाऊ नये. ट्रेलर ७५० किलोंहून जड असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत असा युरोपात दंडक आहे. मोटार मंदावली की ट्रेलर तिला मागून ढकलतो, त्या धक्क्याने जोडणीचा सरकता दांडा आत दबतो आणि तोच ट्रेलरचे ब्रेक ओढतो. विजेची तार नाही, तेलाची नळी नाही, ओझ्यानेच स्वतःला आवरावे अशी ही तजवीज आहे. ब्रिटनमधील कॅरॅव्हॅनवाले नवशिक्यांना सांगतात की कॅरॅव्हॅनचे भरलेले वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या शेकडा ८५ च्या वर जाऊ देऊ नये. मला हा सल्ला सर्व सूत्रांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात कोणती चाके फिरतात याला काही महत्त्वच दिलेले नाही.

आपल्याकडे खाजगी मोटारीला ट्रेलर जोडण्याची चाल रुजली नाही, पण भाराचे गणित घाटात आपल्यालाही चुकत नाही. मागच्या आसनावर तीन माणसे, डिकीत तांदळाचे पोते, टपावर कॅरिअर, आणि वर श्रावणातली संततधार, अशा थाटात आंबोली किंवा वरंधा घाट चढणारी लहान मोटार हीदेखील शेपटीवर भार घेतलेलीच असते. मागच्या आसेच्या मागे ठेवलेले डिकीतले प्रत्येक किलो वजन ट्रेलरच्या गोळ्याप्रमाणेच पुढच्या चाकांना उचलते. आणि मारुती ८०० सारख्या मोटारीत दोन आसांमधले अंतर २,१७५ मिलिमीटर इतकेच असल्यामुळे तरफेचा जोर अधिक लागतो. पद्मिनी टॅक्सीला हेच ओझे मानवत असे, कारण ते तिच्या ओढणाऱ्या चाकांवर पडे. जुन्या चालकांनी त्या अनुभवावरून नव्या मोटारींना नावे ठेवली, त्यात त्यांची काही चूक नव्हती. आखूड वळणावर आतले चाक आधीच हलके झालेले असते. तेथे ते फिरू लागले तर अ‍ॅक्सिलरेटर अधिक न दाबता किंचित सोडावा, म्हणजे रबराला जमीन धरण्यास अवसर मिळतो.

कोकणात घाटीच्या अंगाने बांधलेल्या घरांपुढे जांभ्या दगडाचा आखूड पण उभा चढ असतो, आणि पावसाळ्यात शेवाळ धरले की पुढच्या चाकांची मोटार तेथे हटकून अडते. त्यावरचा उपाय असा की मोटार फिरवून घ्यावी आणि उलट्या गिअरमध्ये, शेपूट पुढे करून, चढवावी. आता ओढणारी चाके चढाच्या खालच्या अंगाला आलेली असतात, मागे सरणारा सर्व भार त्यांवरच येतो, आणि एरवी जी वजावट होती ती जमेला लागते. वर चढून जाण्यापुरते तरी पुढच्या चाकांच्या मोटारीला मागच्या चाकांच्या मोटारीचे सर्व लाभ मिळतात, आणि इंजिनाचे वजन शिवाय तिच्याच पदरात असते.

राहिला प्रश्न बंद पडलेली मोटार टोचन करून नेण्याचा. यात दोराची ओढ तेवढी असते, गोळ्यावरचा दाब नसतो. त्यामुळे पुढच्या चाकांची मोटार हे काम ट्रेलरपेक्षा सुखाने करते. आपल्या १९८९ च्या रस्त्यासंबंधीच्या नियमावलीने दोन वाहनांतील अंतर ५ मीटरच्या आत आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत ठेवण्यास सांगितले होते, आणि ही मर्यादा उगाच घातलेली नव्हती. इंजिन बंद असल्यामुळे मागच्या मोटारीचे ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते, सुकाणू जड होते, आणि किल्ली काढून घेतली तर सुकाणूला कुलूपच बसते. म्हणून किल्ली चालू स्थितीत ठेवून, त्या मोटारीत जाणता माणूस बसवावा. क्रेनने उचलून न्यावयाची असेल तर पुढच्या चाकांच्या मोटारीचे नाकच वर उचलून घ्यावे, विशेषतः गिअरपेटी स्वयंचलित असेल तर. मागून उचलून पुढची चाके रस्त्यावरून फिरत नेली की आतले तेल फिरत नाही आणि दुरुस्तीच्या मूळ खर्चात गिअरपेटीची भर पडते. नाक उचलल्यावर मागची चाके मोकळी फिरली पाहिजेत, तेव्हा निघण्यापूर्वी हँडब्रेक सोडला आहे किंवा नाही, हे क्रेनवाल्याच्या भरवशावर न सोडता स्वतः वाकून पाहावे.